परिचारिका आजीची आठवण लिहून ठेवताना

गोव्यातल्या कोणत्याही मराठी दैनिकाचे पुण्यस्मरणाचे पान उघडले, तर तीन-चार आज्या एकाच वेळी भेटतात आणि त्या सगळ्या प्रेमळ, कष्टाळू, सोशिक व परोपकारी असतात. माझी आजी गेल्यानंतर पहिल्या वर्षश्राद्धाला वाटण्यासाठी मी चार पानांचा मजकूर लिहिला, तेव्हा हे चारही शब्द त्यात होतेच. तो मजकूर मी आजीबरोबर एकाच वॉर्डात पुष्कळ वर्षे काम केलेल्या एका निवृत्त सिस्टरना वाचायला दिला. त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत शांतपणे वाचला, कागद जुळवून परत केले आणि म्हणाल्या, "लिहिले आहेस छान, पण यात ती एकदासुद्धा हात धूत नाही."

आजी कामावरून आली की उंबरा ओलांडण्याआधी मागच्या दाराच्या दोणीजवळ, म्हणजे पाण्याच्या दगडी कुंडाजवळ, जाऊन कोपरापर्यंत हात धूत असे, आणि नखांच्या कडा धुताना तिचे ओठ आकडे मोजल्यासारखे हलत. हे मी लहानपणी रोज पाहिले होते, आणि रोज पाहिले होते म्हणूनच ते लिहिण्यासारखे आहे असे मला वाटले नव्हते. त्या चार पानांपैकी साडेतीन पाने मी टाकून दिली आणि लेखन पहिल्यापासून केले. त्या खटाटोपात जे समजले ते, आपल्या घरातल्या परिचारिका आजीविषयी लिहू इच्छिणाऱ्यांसाठी, येथे सविस्तर मांडतो.

समोर ठेवायचा नमुना

पाळी बदलताना परिचारिका एकमेकींना 'ओव्हर' देतात आणि रिपोर्ट बुकात नोंद करतात. आजीचे चरित्र लिहायला त्याहून चांगला नमुना मला सापडलेला नाही. रात्रपाळीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला सांगते, की सात नंबरच्या खाटेवरच्या बाईंना दोन वाजता एकशे दोन ताप होता, अंग ओल्या फडक्याने पुसले, चार वाजता ताप शंभरावर आला, सलाईनची दुसरी बाटली चालू आहे, लघवी अजून झालेली नाही. त्या बाई स्वभावाने कशा आहेत, याला या सांगण्यात जागा नसते. पाहिले ते, केले ते आणि करायचे राहिले ते, एवढ्या तीनच गोष्टी त्यात असतात. आपल्या लेखनातले प्रत्येक वाक्य या तिन्हींपैकी एका खणात बसते का, हे तपासत गेल्यास विशेषणे आपोआप गळून पडतात.

उदाहरण म्हणून माझाच पहिला खर्डा देतो: "आजी अत्यंत सेवाभावी होती. रात्री-अपरात्री ती कोणाच्याही हाकेला धावून जात असे." हे वाक्य खोटे नव्हते, पण ते कोणत्याही परिचारिकेला लागू पडले असते. त्याच्या जागी पुढे असे आले: "वाड्यावर कोणाला इंजेक्शन घ्यायचे असले की तो माणूस डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आमच्या सोप्यावर येऊन बसे. आजी आधी चिठ्ठी वाचायची, मग औषधाची कुपी उजेडात धरून तिच्यावरची तारीख पाहायची, आणि चिठ्ठी नसली तर समोरचा कोणीही असो, त्याला परत पाठवायची. एकदा तिने सख्ख्या दिराला परत पाठवले आणि ते पुढे सहा महिने आमच्याकडे आले नाहीत." दुसऱ्या मजकुरात तिला सेवाभावी म्हटलेले नाही, पण लोक तिच्यावर विश्वास का ठेवत आणि काही जण तिच्यावर का रागावत, या दोन्हींचा उलगडा त्यातून होतो. तिच्यावर रागावलेले एखादे माणूस लेखात असणे मला आवश्यक वाटते, कारण नियम पाळणाऱ्या परिचारिकेवर कधीच कोणी रागावले नाही, हे संभवत नाही.

कागद आधी, आठवणी नंतर

लोकांना आठवणी विचारायला जाण्यापूर्वी घरातले कागद गोळा करावेत, म्हणजे विचारताना हातात काही धागे राहतात. जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत, देव्हाऱ्याखालच्या खणात किंवा पेन्शनच्या फायलीत बहुतेक गोष्टी सापडतात: परिचारिका आणि प्रसूतिसेविका म्हणून उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, नर्सिंग कौन्सिलकडील नोंदणी क्रमांक, नेमणुकीचे व बदलीचे आदेश, सेवापुस्तिकेची प्रत, निवृत्तीच्या दिवशीचे छायाचित्र. त्यातही बदलीचे आदेश सर्वांत मोलाचे असतात. त्यांवरून ती कोणत्या वर्षी कोणत्या आरोग्य केंद्रात होती हे नेमके कळते, आणि घरातल्या आठवणींना एक कणा मिळतो.

येथे एका अडचणीची आगाऊ कल्पना द्यायला हवी. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे तर पाळण्यातले नावही बदलण्याची रीत होती, त्यामुळे एकाच बाईचे कागद दोन वेगळ्या नावांनी असू शकतात. प्रशिक्षण लग्नाआधी झाले असेल तर प्रमाणपत्र माहेरच्या नावाने असेल, पगाराचे कागद सासरच्या नावाने असतील, आणि रुग्णांच्या तोंडी तिसरेच एखादे सुटसुटीत नाव असेल. माझ्या आजीचे प्रमाणपत्र आम्ही कितीतरी दिवस "हे कोणा दुसऱ्याचे असावे" म्हणून बाजूला ठेवले होते. म्हणून लेखाच्या सुरुवातीलाच तिची सगळी नावे लिहावीत, आणि कोणत्या नावाने तिला कोण हाक मारत असे तेही नोंदवावे.

आजीचा जन्म १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतून गोव्याची मुक्ती होण्याआधीचा आणि गोव्यातलाच असेल, तर तिची जन्मनोंद पोर्तुगीज भाषेत असते. ती तालुक्याच्या नागरी निबंधकाच्या कार्यालयात शोधावी. फार जुन्या कागदांसाठी पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे चौकशी करावी, ज्याची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. पोर्तुगीज येत नाही म्हणून बिचकण्याचे कारण नाही. 'नासिमेंतु' म्हणजे जन्म, 'कासामेंतु' म्हणजे विवाह आणि 'ओबितु' म्हणजे मृत्यू, एवढे तीन शब्द ओळखता आले तरी कोणता कागद कशाचा हे समजते, आणि उरलेले वाचून द्यायला गावात एखादे जुने गृहस्थ अजूनही भेटतात. जन्मतारीख आणि नोंद केल्याची तारीख या वेगळ्या असतात, तेव्हा दोन्ही उतरवून घ्याव्यात. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही तारीख दिसली, तर ती बहुधा मास्तरांनी प्रवेशाच्या सोयीसाठी घातलेली असते.

छायाचित्रांबाबत थोडे सबुरीने घ्यावे. जुन्या अल्बममध्ये चिकटलेले छायाचित्र ओढून काढू नये. ते आहे तिथेच, खिडकीच्या तिरक्या उजेडात, मोबाइलने टिपावे. सुटे असेल तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, न दाबता, नावे लिहावीत. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उमटते. गणवेशातले छायाचित्र असेल तर टोपी, टोपीवरची पट्टी, कमरेच्या पट्ट्याचा रंग आणि छातीवरचा बिल्ला एखाद्या जुन्या परिचारिकेला दाखवावा. प्रशिक्षणाचे कितवे वर्ष, कोणती संस्था, हे त्या चटकन सांगतात. हातात दिवा घेतलेल्या मुलींचे छायाचित्र बहुतेक घरांत सापडते. तो शपथविधीचा समारंभ असतो, दिवाळीचा नव्हे, एवढे खाली लिहून ठेवावे, कारण पतवंडांना ते समजणार नाही.

ठिकाणे आणि साल

गोव्यात रुग्णालयांची नावेही बदलली आणि जागाही बदलल्या, म्हणून "आजी मेडिकल कॉलेजात होती" एवढे लिहून भागत नाही. पणजीत १८४२ मध्ये सुरू झालेली वैद्यकीय शाळा, जिला जुनी माणसे 'एस्कोला मेदिका' म्हणत, १९६३ मध्ये गोवा मेडिकल कॉलेज झाली आणि पुढे तिचे काम टप्प्याटप्प्याने बांबोळीच्या पठारावर गेले. मांडवीकाठची तिची जुनी इमारत आजच्या तरुणांना चित्रपट महोत्सवाची इमारत म्हणूनच ठाऊक आहे. आजीने जर त्या इमारतीत रात्रपाळ्या केल्या असतील, तर खिडकीतून नदी दिसत होती की नाही, दिवे गेल्यावर काय करत, जिने किती होते, हे विचारण्याची गरज आहे, कारण बांबोळीच्या वॉर्डातून नदी दिसत नाही. मडगावचे 'हॉस्पिसियो' १८६७ पासूनचे आणि म्हापशाचा 'आझिलो' हाही लोकांच्या जिभेवर बसलेला शब्द. दोन्हींची जागा आता जिल्हा इस्पितळांनी घेतली आहे. लेखात जुने नावच वापरावे आणि नवे नाव एकदाच सांगून मोकळे व्हावे. आजी जे नाव उच्चारत होती तेच तिच्या कामाचे ठिकाण.

साल मात्र माणसांना सहसा आठवत नाही. "कधी?" असे विचारले की "झाली असतील पंचवीस-तीस वर्षे" असे उत्तर येते. त्याऐवजी "तेव्हा पूल होता का?" असे विचारावे. आपल्याकडे पुलांनी काळ मोजता येतो. जुवारी नदीवरचा पूल १९८३ मध्ये झाला. त्याआधी कुठ्ठाळी आणि आगशीच्या दरम्यान फेरीबोट होती. मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी भर पावसाळ्यात कोसळला आणि १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत पणजी–बेती पुन्हा फेरीबोटीवर आली. मांडवीपलीकडच्या बार्देश तालुक्यात राहून पणजीत काम करणाऱ्या परिचारिकेला ही सहा वर्षे विसरता येत नाहीत. सकाळची सातची पाळी गाठायला ती किती वाजता घरातून निघे, फेरी चुकली तर रात्रपाळीच्या सिस्टरला किती वेळ थांबून राहावे लागे, हे विचारले की एका प्रश्नात पूर्ण दिनक्रम हाती लागतो. माझ्या आजीच्या बाबतीत "पूल पडला त्या रात्री कोण कुठे होते" या एकाच प्रश्नावर आमच्या घरात दोन तास बोलणे झाले.

याच पद्धतीने आणखी काही खुणा वापरता येतात. मुक्तीपूर्वीच्या पगाराची गोष्ट निघाली तर तो रुपयांत होता की १९५९ नंतरच्या एस्कुदो या पोर्तुगीज चलनात, हे विचारावे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावरचा जनमत कौल १६ जानेवारी १९६७ चा, घटक राज्याचा दर्जा ३० मे १९८७ चा. आरोग्याच्या क्षेत्रातल्या खुणा तर परिचारिकेला अधिकच जवळच्या: देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा, पल्स पोलिओची सुरुवात १९९५ ची. ज्या आजीने दंडावर देवीची लस टोचली आणि निवृत्तीच्या आधी अंगणवाडीत बसून पोलिओचे थेंबही पाजले, तिच्या हातांतून केवढा काळ गेला आहे हे वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या दोन घटना एका परिच्छेदात शेजारी ठेवल्या की काम होते.

वर्तमानपत्रे पाहायची असल्यास पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जावे. मुक्तीनंतर १९६२ मध्ये 'गोमन्तक' हे मराठी दैनिक सुरू झाले, त्यामुळे आजीच्या नोकरीच्या काळातली साथ, लसीकरणाची मोहीम किंवा एखाद्या आरोग्य केंद्राचे उद्घाटन त्यात मिळू शकते. तिचे नाव सापडेल अशी आशा धरू नये. उद्घाटनाच्या बातमीत मंत्र्यांचे आणि डॉक्टरांचे नाव असते, फीत कापायची कात्री तबकात घेऊन उभ्या असलेल्या सिस्टरचे नसते.

विचारायचे कसे

आजी हयात असेल तर सर्वांत मोठी चूक म्हणजे "तुझ्या आयुष्याबद्दल सांग" असे म्हणून मोबाइल समोर ठेवणे. ती लगेच पदर सावरून भाषण करू लागते, आणि भाषणात पुन्हा तेच सेवा, समर्पण वगैरे शब्द येतात. त्यापेक्षा हातांना आठवेल असे काही विचारावे. काचेच्या सिरिंज किती वेळ उकळायच्या? बोथट झालेल्या सुया दगडावर कशा घासायच्या? गॉजच्या घड्या कोणत्या मापाच्या घालायच्या, आणि ड्रम भरून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्राकडे, कोण नेत असे? पेशंट खाटेवर असतानाच चादर कशी बदलायची? हा शेवटचा प्रश्न मी आजीला विचारला तेव्हा ती बोललीच नाही. उठली, माझ्या धाकट्या बहिणीला दिवाणावर झोपायला लावले आणि करून दाखवले. त्या वेळी तिचे वय ऐंशीच्या पुढे होते आणि गुडघे दुखत होते. चादरीचे कोपरे तिने पाकिटासारखे दुमडले, आणि ते दुमडताना तिला एका मेट्रनची, म्हणजे मुख्य परिचारिकेची, आठवण आली, जी खाटेवर नाणे टाकून चादर ताणलेली आहे की नाही ते पाहत असे. त्या मेट्रनपासून तिच्या वसतिगृहाच्या दिवसांच्या सगळ्या गोष्टी निघाल्या, ज्या आम्ही त्याआधी कधीच ऐकल्या नव्हत्या.

बैठक अर्ध्या-पाऊण तासाची ठेवावी. दुपारची झोप झाल्यानंतर, चहाच्या वेळी बसलेले चांगले. घरातली दोन-तीन माणसे आजूबाजूला असली की ती एकमेकांच्या आठवणी दुरुस्त करू लागतात आणि आजी गप्प होते, तेव्हा एकट्याने बसावे. मुलांविषयी बोलायचे असेल तेव्हा मुलगे समोर नसावेत, हेही अनुभवाने सांगतो. आठवण पुसट होत चालली असेल तर दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. ती सांगते ते तसेच ध्वनिमुद्रित करावे आणि खरेखोटे नंतर कागदांवरून लावावे. बोलणे कोकणीत होत असेल तर कोकणीतच होऊ द्यावे. आपली पुष्कळ घरे कोकणीत बोलतात आणि मराठीत लिहितात, त्यात अवघडण्यासारखे काही नाही. पण मुलाखतीच्या वेळीच जर आपण मनात मराठी करू लागलो, तर तिचे शब्द जातात आणि आपलेच उरतात.

आजी आता नसेल, तर नातेवाइकांच्या आधी सहकाऱ्यांकडे जावे. निवृत्त सिस्टर, आया, वॉर्डबॉय, फार्मासिस्ट, आरोग्य केंद्राच्या जीपचा चालक, यांनी तिला रागावलेले, दमलेले, घाबरलेले पाहिलेले असते. नातेवाईक बहुधा तिच्या हातचे पदार्थ सांगतात. गावात एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसूतिसेविका, म्हणून काम केले असेल, तर जुन्या वायजिणीच्या, म्हणजे सुईणीच्या, घरी अवश्य जावे. इस्पितळात बाळंतपण करायला बायका तयार नव्हत्या, तेव्हा गावची वायजीण आणि सरकारी नर्स यांचे जमले होते की बिनसले होते, ही फार बोलकी गोष्ट असते. आमच्याकडे आधी बिनसले आणि नंतर जमले. वायजीण आजीला निरोप धाडू लागली त्याचे कारण एक अडलेले बाळंतपण होते, एवढे समजले. त्याहून अधिक तपशील सांगायला त्या घरात कोणी तयार झाले नाही आणि मीही आग्रह धरला नाही.

काही प्रश्न विचारायला आपण कचरतो, पण ते विचारावेत. एचआयव्हीची भीती नवी होती तेव्हा वॉर्डात काय वातावरण होते, हा त्यांपैकी एक. १९८९ मध्ये डॉमनिक डिसोझा या गोमंतकीय तरुणाला केवळ एचआयव्हीची बाधा आढळली म्हणून म्हापशातल्या क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत दोन महिन्यांहून अधिक काळ डांबून ठेवले होते. त्या काळात नोकरीत असलेल्या प्रत्येक परिचारिकेला या प्रकरणाविषयी काही ना काही म्हणायचे असते. ते तिच्या आजच्या मताशी जुळेलच असे नाही. "आम्हीही घाबरलो होतो" असे तिने म्हटले तर तसेच लिहावे.

जी पाळी घरी नव्हती

परिचारिका आजीविषयी लिहिताना एक गोष्ट हटकून सुटते, ती म्हणजे तिचे घरी नसणे. नातवंडांना जी आजी आठवते ती निवृत्त झालेली किंवा निवृत्तीला आलेली असते. आजारी पडल्यावर उकड्या तांदळाची पेज भरवणारी, कपाळावर हात ठेवून ताप अचूक सांगणारी आजी आपल्याला मिळते. तिच्या मुलांना मिळालेली आई निराळी होती. माझ्या वडिलांना विचारले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, की त्यांच्या शाळेच्या एकाही स्नेहसंमेलनाला ती आली नव्हती. त्यांची वेणीफणी, म्हणजे त्यांच्या बहिणींची, शेजारच्या काकू करत. ते हे तक्रार म्हणून सांगत नव्हते. तरीही पहिल्या खर्ड्यात मी ते गाळले होते, कारण श्राद्धाच्या दिवशी वाचायच्या मजकुरात ते शोभणार नाही असे वाटले. दुसऱ्या खर्ड्यात ते घातले, आणि त्यालाच लागून माझ्या तापाची गोष्ट घातली. दोन्ही शेजारी आल्यावर वडिलांनी तो परिच्छेद दोनदा वाचला.

सणांच्या पाळ्या हा याच विषयाचा भाग. आजीच्या वॉर्डात एक अलिखित करार होता: चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, कॅथलिक सिस्टर पाळी घेत आणि नाताळच्या आदल्या रात्री, मध्यरात्रीच्या मिसाच्या वेळी, हिंदू सिस्टर. त्यामुळे आमच्या आजीने आयुष्यातले बहुतेक नाताळ इस्पितळात काढले, आणि २५ तारखेला सकाळी ती घरी यायची ती दोदोल आणि नेवऱ्यांचा डबा घेऊन. हा करार कोणी केला, कधी केला, हे कोणालाच सांगता आले नाही. अशा गोष्टींना 'धार्मिक सलोखा' वगैरे नाव देण्याचा मोह टाळावा. त्या बायका पाळ्यांची जुळवाजुळव करत होत्या, आणि तेवढेच लिहिले तरी पुरे होते.

घरचा हिशेबही विचारावा. पगार कोणाच्या हातात जात होता, तिच्या नोकरीवर घरात कोणाचे शिक्षण झाले, लग्न ठरताना 'मुलगी नर्स आहे' हे सांगितले होते की लपवले होते. रात्रपाळी करणाऱ्या, परक्या पुरुषांची शुश्रूषा करणाऱ्या मुलीकडे त्या काळात समाज कोणत्या नजरेने पाहत होता, हे आजच्या मुलींना ठाऊक नाही, आणि ते गाळले तर तिने घेतलेल्या निर्णयाचे वजनच कळत नाही.

रुग्णांच्या गोष्टी

येथे मी जरा कडक बोलतो. आजीने घरात सांगितलेल्या रुग्णांच्या गोष्टी आपल्या मालकीच्या नसतात. क्षय, कुष्ठरोग, विष घेतलेली मुलगी, लग्नाआधीचे बाळंतपण, दारू सोडवायला आणलेला गावचा प्रतिष्ठित माणूस, अशा गोष्टी तिने सांगितल्या असतील तर त्या विश्वासाने सांगितल्या. नाव गाळले म्हणजे झाले, असा समज चुकीचा आहे. आपला गोवा अवघा ३,७०२ चौरस किलोमीटरांचा. गाव, वाडा आणि साल या तीन गोष्टी एकत्र आल्या की नाव न सांगताही माणूस ओळखू येतो, आणि त्याची नातवंडे आपल्याच शाळेत असतात. म्हणून तीनपैकी दोन गोष्टी काढाव्यात, आणि तरीही शंका उरली तर ती गोष्टच काढावी. त्याऐवजी आजीने त्या प्रसंगी काय केले तेवढे ठेवता येते. "एका मुलीजवळ ती रात्रभर बसून होती आणि सकाळी तिने घरी कोणाला काही सांगितले नाही" हे वाक्य पुरेसे आहे.

भाषा आणि क्रम

लेखाची सुरुवात जन्मापासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. "अमुक गावी अमुक साली एका सुसंस्कृत कुटुंबात जन्म झाला" या वाक्याने वाचक झोपतो. तिच्या एका पूर्ण पाळीपासून सुरुवात करावी: घरातून निघणे, बस किंवा फेरी, ओव्हर घेणे, औषधांची फेरी, नाडी-ताप-श्वासाचा तक्ता, ड्रेसिंगची ट्रॉली, डॉक्टरांचा राउंड, नातेवाइकांची गर्दी, परत घर, हात धुणे. ती एक पाळी नीट उतरली की मग मागे जाऊन जन्म, शिक्षण, लग्न यांचे परिच्छेद आटोपशीर लिहिता येतात. ती प्रशिक्षणासाठी मुंबईला, बेळगावला किंवा मिरजेला गेली असेल, तर तो प्रवास मात्र आटोपशीर नको. १९५०च्या दशकात पोर्तुगीज गोव्याची हद्द ओलांडणे सोपे नव्हते, आणि एकट्या मुलीने ट्रंक घेऊन नाक्यावर उभे राहणे हे एका स्वतंत्र प्रकरणाइतके मोठे आहे.

तिचे कोकणी बोल जसेच्या तसे ठेवावेत आणि त्यांचा मराठी अर्थ वाक्याच्या ओघात द्यावा. सुई टोचण्याआधी आजी "भियेनाका, मातशें सोंस" म्हणायची. "घाबरू नकोस, जरा सहन कर" असे त्याचे मराठी होते खरे, पण आमच्या वाड्यावरच्या दोन पिढ्यांच्या दंडांना आठवतो तो पहिलाच आवाज. वैद्यकीय शब्दांचे अवघड प्रतिशब्द शोधू नयेत. ती 'वॉर्ड', 'ड्यूटी', 'सलाईन', 'बेडसोअर' म्हणत होती. आपण 'कक्ष', 'कर्तव्य' लिहू लागलो तर ती आपल्याच लेखात परकी होते.

शेवटच्या आजाराविषयी थोडक्यात आणि साधे लिहावे. 'प्राणज्योत मालवली' यासारखी वाक्ये बातमीसाठी ठीक आहेत. परिचारिका स्वतः रुग्ण होते तेव्हा तिला पुढचे बरेच काही कळत असते, आणि ती ते कसे हाताळते हे पाहिलेले असेल तर तेच लिहावे. आजी शेवटच्या आठवड्यात आपल्याच मनगटावर बोट ठेवून पडून असायची. कोणी विचारले तर आकडा सांगायची, आकड्याचा अर्थ सांगायची नाही.

प्रती काढताना

मजकूर पूर्ण झाल्यावर तो छापायला देण्याआधी तीन जणांना वाचायला द्यावा: तिच्या एका अपत्याला, तिच्याबरोबर काम केलेल्या एका व्यक्तीला, आणि तिला कधीही न पाहिलेल्या एखाद्या तरुण परिचारिकेला. तिसरी व्यक्ती जिथे अडेल तिथे स्पष्टीकरण हवे आहे असे समजावे. अक्षर मोठे ठेवावे, कारण तिच्या वयाचे वाचक आता भिंगातून वाचतात. एक प्रत घराच्या कपाटात, एक माहेरच्या घरी, एक गावच्या वाचनालयात द्यावी, आणि ती जिथे शिकली त्या संस्थेने स्वीकारली तर तिथेही द्यावी. १२ मेच्या परिचारिका दिनाला भाषण करणाऱ्या विद्यार्थिनींना फ्लॉरेन्स नाइटिंगेलखेरीज दुसरे कोणी सांगायला मिळेल. मूळ कागद मात्र कोणाला देऊ नयेत, त्यांच्या प्रती द्याव्यात. ध्वनिमुद्रणे एकाच मोबाइलमध्ये राहू देऊ नयेत.

आणि शेवटी चार-पाच पाने कोरी सोडावीत. आमची पुस्तिका वर्षश्राद्धाला वाटली त्यानंतर महिनाभरात तीन जणांनी आपापली प्रत परत आणून दाखवली, त्या कोऱ्या पानांवर काहीतरी लिहून. त्या निवृत्त सिस्टरनी स्वतंत्र असे काही लिहिले नाही. त्यांनी पेन्सिलीने दोन दुरुस्त्या केल्या. एका प्रसंगातल्या खाटेचा क्रमांक मी सात लिहिला होता, तो त्यांनी नऊ केला. आणि हात धुण्याच्या परिच्छेदात जिथे मी नुसते 'साबण' लिहिले होते, त्याच्या आधी त्यांनी बारीक अक्षरात 'कार्बोलिक' हा शब्द घातला.